ज्यांना चूक सांगता आली, असे साहेब

मी सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात क्वालिटी बघते. मागच्या आठवड्यात तीन महिन्यांपूर्वी लागलेला एक पोरगा दुपारी 4 वाजता केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. हातात रजिस्टर, पण पाय काही आत पडेना. बऱ्याच वेळाने सांगितलं: 140 नगांवर दुसऱ्याच ऑर्डरचं लेबल शिवलं गेलंय. त्याला ते कळलं होतं सकाळी 9 ला. मधल्या सात तासांत माल पॅक होऊन खोक्यात गेला होता.

लेबलं उसवता येतात. माझ्या डोक्यातून ते सात तास जात नाहीत. माझ्यात असं काय आहे, की तो दारातच अडला?

म्हणून विचारतेय. सोलापुरात वा सोलापूरच्या माणसांनी बाहेर जिथे कुठे नोकरी केली, तिथे असा एखादा मालक, साहेब, मॅडम, मुकादम भेटला का, ज्याच्यापुढे चूक सांगताना जीभ अडखळली नाही? तो माणूस नेमकं काय करायचा, ते लिहा. नावं नकोत. "फार चांगला होता" एवढ्यावर थांबू नका, प्रसंग सांगा.

जॉबर, पूर्व भाग

तीस वर्षं मागावर काढली, माग लावायचे आणि दुरुस्त करायचे हे जॉबरचं काम. तेव्हा चादरीच्या डिझाइनला पुठ्ठ्याची कार्डं असायची. एका कार्डावर बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एक ओळ. हजारभर कार्डं दोऱ्यात ओवून जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायची. एकदा ओवताना माझ्याकडून एक गठ्ठा मागेपुढे झाला. रात्रपाळीत 11 चादरी विणून झाल्यावर बघतो तर सगळ्या मोरांच्या माना तुटलेल्या.

सकाळी मालक आले. चादर पसरली, मोरावरून तळहात फिरवला. "किती वाजता दिसलं?" म्हटलं, दीड वाजता. "माग किती वाजता थांबवला?" दीडलाच. "मग बस," म्हणाले, आणि माझ्याबरोबर खाली बसून कार्डं लावायला लागले. दुपारपर्यंत उठले नाहीत.

त्यांचा एक नियम अख्ख्या शेडला पाठ होता. आपण होऊन सांगितलेल्या चुकीचे पैसे मजुरीतून कापायचे नाहीत. घडीच्या टेबलावर सापडली, तर कापायचे. कधी मोडला नाही त्यांनी हा नियम, स्वतःच्या मेहुण्याच्या पोरासाठी पण नाही.

अजून एक, हे मी दुसऱ्या कुठल्या कारखान्यात बघितलं नाही. मागाच्या खटखटाटात बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडून बोललेलं सगळं रागावल्यासारखंच वाटतं. म्हणून ते खुणेने बोलवायचे आणि बाहेर लिंबाखाली न्यायचे. मे महिन्याच्या उन्हात पण. तिथे हळू आवाजात बोलायचे. लिंबाखाली बोलावलं म्हणून कुणाच्या पोटात गोळा आला नाही कधी, कारण तिथेच ते पोराबाळांचीपण चौकशी करायचे.

सिस्टर

मी आधी ज्या रुग्णालयात होते, तिथे आमच्या वॉर्डाचं चुकांचं रजिस्टर कोरं असायचं. मीटिंगमध्ये त्याचं कौतुक व्हायचं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं ते कोरं का आहे.

पुढे दुसरीकडे गेले. तिथे एका रात्री माझ्याकडून शेजारच्या ट्रेमधलं इंजेक्शन भरलं गेलं. दोन्ही अँप्यूल सारखेच, लेबलाचा रंगही तोच. पेशंटच्या कॉटपाशी पोचले आणि नाव परत वाचलं म्हणून वाचले. दिलं नव्हतं, म्हणजे न सांगता खपलं असतं. इन्चार्ज सिस्टरना सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "पेशंट कसा आहे?" मग, "तू बसतेस का दोन मिनिटं?" नंतर रजिस्टर माझ्या हातात दिलं, मी लिहिलं, माझ्या सहीखाली त्यांनी सही केली. सकाळी आठच्या आत ते दोन ट्रे दोन वेगळ्या कपाटांत गेले होते.

बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात एमी एडमंडसन या हार्वर्डच्या संशोधिकेबद्दल ऐकलं. 1990 च्या दशकात त्या रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासत होत्या. ज्या वॉर्डांत एकमेकांशी चांगलं जुळतं तिथे चुका कमी असतील, असा अंदाज होता. निघालं उलटं: तिथेच जास्त नोंदल्या होत्या. चुका लपवल्या जात नव्हत्या, हे त्यामागचं कारण त्यांना दिसलं. ते ऐकताना मला ते कोरं रजिस्टर आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. किती जणी घाबरून गप्प बसलो होतो आम्ही.

घरून काम करणारा

2020 मध्ये पुण्याहून घरी आलो, तेव्हापासून जुळे सोलापुरातूनच काम करतो. मला थोडं वेगळं म्हणायचंय. माझा एक टीम लीड कुणाला कधीच बोलायचा नाही. चूक सांगितली की "होतं रे" म्हणून विषय संपला. सुरुवातीला बरं वाटलं. मग एकाच पोराने बॅकअप न घेता बदल करायची चूक चार वेळा केली, आणि चारही वेळा रात्र रात्र जागून निस्तरलं आम्ही बाकीच्यांनी. चौथ्या वेळी मी सांगणंच सोडून दिलं. सांगून काही बदलणार नसेल, तर भीती असली काय आणि नसली काय.

वरच्या जॉबर काकांच्या मालकाने कार्डं लावून घेतली, सिस्टरांनी ट्रे हलवले. माझ्या लीडने काही हलवलं नाही. साहेब सौम्य असला की झालं, असं मला तरी वाटत नाही.

बँकेत आहे

माझी आई विड्या वळायची. कारखान्यात माल द्यायला गेलं की चेकर छाट काढायचा, म्हणजे खराब विड्या नापास करायचा. बहुतेक जण विडी बाजूला फेकायचे आणि पुढची उचलायचे. एक चेकर मात्र छाट झालेली विडी आईसमोर उलगडून दाखवायचा. "अक्का, पान जास्त भिजलंय, बघा." आई म्हणायची, त्याच्याकडे छाट निघाली तरी घरी येताना मान खाली जात नाही. कधी कधी ती स्वतःच सांगायची, आज वरचा थर बरा नाही, पोरीला ताप होता. ती पोरगी मी.

डेपोतला मेकॅनिक

आमचे फोरमन रोज सकाळी विचारायचे, "काल काय राहिलं?" काय चुकलं, असं कधी विचारलं नाही. राहिलं म्हटलं की सांगायला सोपं जातं. तेवढ्यावर ब्रेकच्या किती तरी गोष्टी गाडी बाहेर पडायच्या आधी कळल्या.

पुन्हा मी, टॉवेलवाली

सगळं दोनदा वाचलं. घरून काम करणाऱ्या दादांचं म्हणणं सर्वात जास्त लागलं, कारण त्या पोराला मी "असू दे" म्हणून परत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं आणि दोघांनी मिळून लेबलांचे डबे ऑर्डरप्रमाणे वेगळे केले.

टोयोटाच्या कारखान्यात कुठल्याही कामगाराला दोष दिसला की दोरी ओढून, आता काही ठिकाणी बटण दाबून, खबर द्यायची मुभा असते, गरज पडली तर लाइन थांबते. आमच्याकडे दोरी नाही. शिलाईच्या प्रत्येक टेबलावर लाल कापडाची एक पट्टी ठेवली. काही खटकलं की मशीनला अडकवायची. दोन दिवस कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यात जुन्या अक्कांनी पट्टी अडकवली, आणि अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला.

टाके सुटत होते. 11 मिनिटं लाइन बंद ठेवली. सुई बदलली, आधीचे 36 नग बाजूला काढले. दिवसाचं टार्गेट पूर्ण झालं नाही. संध्याकाळी माझ्या साहेबांचा फोन आला, आकडा कमी का? बोलताना माझाच घसा कोरडा पडला होता. तरी आहे तसं सांगितलं, लाइन मी थांबवली म्हणून.

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "सुई किती नंबरची होती?"