फ्री एजंटला मराठीत काय म्हणायचं?

गंगापूररोडकर
आमच्या बास्केटबॉल ग्रुपमधल्या पोरांसाठी एनबीएवर (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) मराठीत छोटे लेख लिहितोय आणि फ्री एजंटपाशी अडलोय. "मुक्त खेळाडू" लिहिलं तर एका पोराचे वडील म्हणाले, म्हणजे टीमने काढून टाकला का? फ्री एजंट तसंच ठेवलं तर दुसऱ्याने विचारलं हा कुणाचा एजंट. 2010 ला लेब्रॉन जेम्स क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला, त्याला कुणी काढलेलं नव्हतं, करार संपला होता आणि पुढे कुठे जायचं ते त्याच्या हातात होतं. एवढं सगळं एका शब्दात बसवायचंय.

शब्दवेडी
करारमुक्त. स्वच्छ आहे, कुणालाही कळेल.

गंगापूररोडकर
ताई, करारमुक्त म्हटलं की करार चालू असताना टीमने सोडला असं वाटतं, त्याला वेव्ह करणं म्हणतात, ती गोष्ट वेगळी. आणि रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटचं काय करायचं? 2014 ला गॉर्डन हेवर्डला शार्लटने 4 वर्षांचे 6 कोटी 30 लाख डॉलर देऊ केले, त्याने ते मान्यही केले, पण त्याच्या जुन्या टीमने, यूटाने, तेवढ्याच रकमेला तयारी दाखवली आणि तो यूटातच राहिला. करार तर त्याचाही संपलाच होता की.

जुना पंचवटीकर
त्याला अग्रहक्क म्हणतात. जुन्या टीमचा अग्रहक्क शिल्लक आहे तो "अग्रहक्कातला खेळाडू", नाही तो "मोकळा खेळाडू". मुक्त कशाला, मोकळा म्हणा, आपण घरात मोकळाच म्हणतो.

हूपवाला_सिडको
काका राग मानू नका पण ग्राउंडवर एक पोरगं अग्रहक्क म्हणणार नाही. फ्री एजंट, साइन केला, ऑफर शीट, कॅप (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा), हेच चालतं. टेबल आणि स्टेशन घेतलं तेव्हा कुणाला विचारलं होतं? पोरांना खेळ समजू द्या आधी.

शब्दवेडी
पोरांना आपण जे देऊ तेच ती बोलतात. पेपरात "करारबद्ध केले" रुळलंच ना? तोही कुणीतरी पहिल्यांदा लिहिला असेलच.

कसमादेकर
तुम्ही सगळे शब्द घडवत बसलात आणि शब्द आपल्या शेतात पडलाय. सालदार, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपतं, सालदार मोकळा होतो, दोन-तीन मळेवाले घरी येऊन विचारतात, किती घेणार, धान्य किती, कपडे किती, आणि जिथं जमेल तिथं तो नवं साल धरतो. "साल सुटलेला गडी" म्हणजे हुबेहूब फ्री एजंट. साइन करणं म्हणजे साल धरणं. आमच्याकडे आजही बोलतात.

निफाडची_लेक
दादा, हे तुम्ही मळ्याच्या ओट्यावरून बघितलंय, मी सालदाराच्या घरातून. माझे आजोबा सालदार होते. उचल घेतलेली असायची, आत्याच्या लग्नाची, आजीच्या दवाखान्याची, ती फिटेपर्यंत साल संपलं तरी गडी सुटत नव्हता. दुसऱ्याने जास्त देतो म्हटलं तर आधी याची उचल फेडा असं व्हायचं. त्या जगण्याला लेब्रॉनचं नाव जोडू नका.

गंगापूररोडकर
ताई, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. पैशाची तुलना होऊच शकत नाही, पण एनबीएतही एकेकाळी करार संपला तरी खेळाडू सुटत नव्हता, हक्क टीमकडेच राहायचा. ऑस्कर रॉबर्टसन खेळाडू संघटनेचा अध्यक्ष होता, त्याच्या नावाने 1970 ला कोर्टात दावा लागला आणि 1976 ला तडजोड झाली तेव्हा ही गाठ सैल झाली. पूर्ण मोकळीक त्यानंतरही नव्हती, जुन्या टीमचा हक्क या ना त्या रूपात राहिलाच. 1988 ला टॉम चेंबर्स सिअ‍ॅटलहून फिनिक्सला गेला, तो पहिला अनरिस्ट्रिक्टेड फ्री एजंट, म्हणजे जुन्या टीमचा काहीच हक्क न उरलेला. म्हणजे फ्री हा शब्द भांडून मिळालेला आहे, म्हणून तो हलका होऊ नये एवढंच वाटतं.

निफाडची_लेक
मग "मुक्त"च ठेवा. काढून टाकला असं कुणाला वाटलं तर समजावून सांगा. आजोबांची उचल फिटली तेव्हा आजी "सुटलो" म्हणाली होती, मोकळे झालो नाही म्हणाली.

जुना पंचवटीकर
सुटणे आणि मोकळे होणे यात फरक आहे खरा. सुटणाऱ्याला कुणीतरी धरलेलं असतं. मोकळा तर हात पण असतो, रस्ता पण असतो. पण मग "सुटा खेळाडू" चालेल का?

हूपवाला_सिडको
सुटा म्हणजे एकटा, सुट्टे पैसे. नाही चालणार काका.

सिन्नरचा_मास्तर
मध्येच बोलतो. कसमादेकर, साल आखाजीला कसं संपेल? आमच्याकडे पाडव्याला संपतं, पाडव्यालाच नवा गडी ठरतो.

कसमादेकर
सर, सटाणा, मालेगाव, देवळा, सगळीकडे आखाजीच. पाडवा तुमच्या खालच्या अंगाला.

सिन्नरचा_मास्तर
जिल्हा एकच आणि साल दोन? माझ्या वडिलांच्या वहीत पाडवा ते पाडवा हिशोब आहे, फोटो टाकतो.

निफाडची_लेक
आमच्याकडेही पाडवाच.

कसमादेकर
टाका फोटो. मी पण आमच्या मामांना विचारून सांगतो, त्यांच्याकडे अजून सालदार आहे.