गुडघ्याचं ऑपरेशन अन् ‘बिनगोळीचा’ इलाज : परवाच्या पोस्टला उत्तर

तुरीची_शेंग
परवा इथे एका काकांनी लिहिलं की गुडघा बदलण्याआधी काय अन् नंतर काय, दुखण्याची एकही गोळी लागत नाही. निरगुडीचा शेक, तेल अन् मनाचा निग्रह असला की झालं. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. माझ्या सासूबाईंच्या भाच्यानं ती पोस्ट त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली अन् माझी दोन आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली.

बाईनं तीस वर्षं कापूस वेचला, निंदण केलं. उजवा गुडघा नागपूरहून बदलून आणला, आज सोळावा दिवस. भाचा येऊन गेल्यापासून गोळी तोंडात घेईना. निग्रह सुरू! वॉकर धरून उठवायला गेले तर मांडीला हात लावू देईना. व्यायाम बंद. तोवर पलंगाच्या काठावर बसून पाय जवळजवळ काटकोनात यायचा, काल अर्ध्यावरच अडला. हा गुडघा असाच आखडला तर काका, तुम्ही येणार का वाकवायला?

बर्फानं फरक पडतो, ते मीही रोज पाहते. फ्रीजमधला बर्फ बत्त्यानं फोडून दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरते, खाली जुन्या लुगड्याची घडी, पंधरा-वीस मिनिटं. बाई कण्हायची थांबते. खाली उशी दिली की डुलकीही लागते. पण उठवून चालवायचं तर आधी गोळी लागतेच.

रिटायर_कंडक्टर
ते काका म्हणजे मीच. ताई, तुम्ही रागावल्या, ठीक आहे. माह्या मोठ्या भावानं नऊ वर्षं मेडिकलवरून सुट्या गोळ्या आणून खाल्ल्या. चिठ्ठी नाही, काही नाही. सकाळी एक, डवरणीचे दिवस असले तं दोन. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसले नेतो त्याले. ते मशीन जोडलेलं पाह्यलं का तुम्ही कधी? मले काहून गोळीची भीती वाटते ते मंग समजन. माहे स्वतःचे दोन्ही गुडघे गेले होते. वजन कमी केलं, काठी धरली, खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा व्यायाम केला. येकही गोळी नाही. आज देवळाच्या पायऱ्या चढतो.

बोंडअळी
कंडक्टर साहेब, म्हणजे तुमचं ऑपरेशन झालंच नाही?

रिटायर_कंडक्टर
माह्या साडूचं झालं.

बोंडअळी
व्वा राजेहो! साडूच्या गुडघ्यावर तुमचा निग्रह.

फिजिओताई
दोघांचं वेगवेगळं चाललंय. काकांनी केलं ते ऑपरेशनच्या आधीचं, आणि ते अगदी बरोबर केलं. एक किलो वजन उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो. काठी मात्र दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात हवी; गावात दहातले आठ जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. मांडीचे स्नायू आधी बळकट केलेला पेशंट ऑपरेशननंतर लवकर उभा राहतो, हे मी रोज बघते.

ऑपरेशननंतरचं गणित निराळं. तिथे गोळी व्यायाम करता यावा म्हणून असते. भावाची नऊ वर्षं आणि डॉक्टरांनी किडनी तपासून दिलेले काही आठवडे एका तागडीत घालू नका. शेक तर सध्या नकोच, सूज वाढते. टाके ओले असताना तेलही नको. आणि पोटरी रगडून द्यायची नाही! एकाच पोटरीत दुखून सूज आली तर रक्ताची गाठ असू शकते, तडक दवाखाना गाठायचा.

शेंगताई, उशी आज काढा. गुडघ्याखाली उशी ठेवली की बरं वाटतं आणि गुडघा वाकलेलाच राहायची सवय लागते. टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली द्या.

बोंडअळी
तेलाचं निघालंच तं बिब्ब्याचंही बोला. माह्या काकाची तारीख ठरली होती, पैसे भरले होते. त्याच्या चार दिवस आधी कोण्या जाणकारानं गुडघ्यावर बिब्बा लावला. टरारून फोड आले, कातडी सोलून निघाली. डाक्तरनं पाह्यलं अन् परत धाडलं. कातडी अशी असताना चिरा दिला तं आत जंतू जातात म्हणे. तीन महिने पुढं गेलं. सोयाबीन काढणीच्या तोंडावर!

गोडंबीचा_लाडू
बिब्ब्याला नावं ठेवणं सोपं आहे. आमच्या आजीनं सगळ्या घराला बिब्बा वापरला, कोणाला काही झालं नाही. बाळंतिणीला गोडंबीचे लाडू देतो ते काय विष म्हणून?

फिजिओताई
गोडंबी म्हणजे आतला गर. फोड आणतं ते टरफलातलं काळं तेल. धोबी कपड्यांवर खूण करायचे ना, तेच. धुऊन जात नाही म्हणूनच वापरायचे.

गोडंबीचा_लाडू
शुद्ध करून वापरायचा असतो हो. पद्धत आहे त्याची. तुम्हाला जे शिकवलं नाही ते सगळं अडाणी.

बोंडअळी
माह्या काकाले ज्यानं लावला तोही पद्धतच म्हणत होता. काकाच्या गुडघ्याचा फोटो टाकू का?

गोडंबीचा_लाडू
टाका. सोबत तुमच्या त्या नागपूरच्या बिलाचाही टाका. २०१७ च्या ऑगस्टात सरकारनं कोबाल्ट-क्रोम धातूच्या साध्या कृत्रिम गुडघ्याचा भाव ५४,७२० रुपयांवर बांधला, तरी लोकांना अडीच लाख लागतात. त्यावर कोणी फोड आले म्हणत नाही.

बोंडअळी
हे मात्र खरं बोलले. पहिल्यांदाच.

रिटायर_कंडक्टर
फिजिओताई, ते करंटचं मशीन, चिकटपट्ट्यावालं, ते तरी चालते का? का तेही ढोंग?

फिजिओताई
ढोंग नाही, पण जादूही नाही. त्वचेवर मुंग्या येतात आणि दुखण्याचा निरोप पाठीच्या कण्यातच थोडा अडतो. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेली ‘दाराची’ कल्पना आहे ही. लागलेल्या जागी आपण आपोआप हात चोळतो, तसंच काहीसं. काहींना छान उपयोग होतो, काहींना काहीच नाही. छातीत पेसमेकर असेल तर हात लावायचा नाही, आणि जखमेवर चिकटवायचं नाही.

रिटायर_कंडक्टर
बरं. शेंगताई, पोस्टमध्ये ‘नंतर’ हा शब्द मी लिहायला नको होता. काढून टाकतो. ‘आधी’ मात्र ठेवतो, त्याच्यावर कोनी बोलू नका. सासूबाईले निरोप द्या, मी मूर्ख आहो म्हणा, गोळी घ्या म्हणा.

तुरीची_शेंग
दिला निरोप. डॉक्टरांनाही फोन केला, स्पीकर चालू ठेवून, भाच्याला समोर बसवून. दुपारी जेवणानंतर गोळी घेतली, तासाभरानं अंगणातल्या तुळशीपर्यंत वॉकरनं दोन चकरा झाल्या. उशी काढली, त्याबद्दल शिव्या खाते आहे. दुपारी दोनला लाइट जाते अन् बर्फाचं पाणी होतं, म्हणून बर्फ आता थर्मासमध्ये भरून ठेवते. एक अडचण बाकी आहे. आमच्याकडे खाली बसायचा संडास. आर्णीच्या बाजूला कमोडची खुर्ची कोणी भाड्यानं देतं का?

काका, तुमचा निरोप ऐकून बाई काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते : “त्याले म्हणा, तुहा गुडघा बदल, मंग बोल.”