सावंगीत सहा खोल्या काढायच्या आहेत, हप्ता भाड्यातून निघेल का?

कपाशीवाला, देवळी
नमस्कार मंडळी. देवळी तालुक्यात ६ एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि तूर. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) ला बाबांनी घेऊन ठेवलेला एन.ए. (बिगरशेती) प्लॉट रिकामा पडून आहे. मेडिकलची पोरं खोल्या शोधत फिरतात, म्हणून सहा खोल्या काढाव्या म्हणतो. मिस्त्रीनं १४ लाख सांगितले. तेवढं कर्ज ९ टक्के, १५ वर्षं धरलं तर हप्ता १४,२०० च्या आसपास. खोलीमागं ३,००० म्हणजे महिन्याचे १८,०००. वरचे पैसे शेतीला होतील. थोडी रक्कम पीककर्जातून वळवावी का? कोणी केलं असेल तर सांगा.

खोलीवाली काकू, सावंगी
भाऊ, मी ११ वर्षांपासून इथं खोल्या देते. तुमचं वर्ष १२ महिन्यांचं आहे, माझ्या वहीत ते १० महिन्यांचंच निघते. परीक्षा संपली की पोरं घरी जातात, काही परत येतच नाहीत. १० महिन्यांचे १,८०,००० येतील आणि हप्त्याचे १,७०,४०० जातील. उरलेल्या ९,६०० मध्ये घरटॅक्स, रंग, मोटार यांचा खर्च बसवून पाहा. एक खोली वर्षभर रिकामी राहिली तर २०,४०० घरून घालावे लागतील.

मार्च २०२० आठवते? एका आठवड्यात माझ्या सगळ्या खोल्यांना कुलपं लागली. हप्ता थांबवायची सवलत मिळाली, पण व्याज चालूच होतं, ते मुद्दलात चढलं. त्या साली कानातले गहाण ठेवले मी. म्हणून सांगते, सहा महिन्यांचे हप्ते, म्हणजे ८५,००० तरी, बाजूला ठेवल्याशिवाय पायवा खोदू नका.

आणि खोलीगणिक वेगळं सबमीटर लावा. सगळ्यांचं लाईट बिल एकात असलं की दर महिन्याला कटकट. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली जाते, टाकी मोठी ठेवा. मी सुरुवातीला तीनच खोल्या काढल्या होत्या, कॉलम मात्र वरच्या मजल्याच्या हिशेबानं. वरच्या तीन खोल्या चार वर्षांनी झाल्या, भाड्याच्याच पैशातून.

बँकेतून निवृत्त, हिंगणघाट
काकूंचा हिशेब बरोबर आहे. माझं म्हणणं दोन गोष्टींबद्दल.

पीककर्जाला हात लावू नका, भाऊ. वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंत ते बिनव्याजी पडतं. मुदत चुकली की सवलत गेली, आणि पुढच्या पेरणीला बँक दारात उभं करत नाही. मी काउंटरच्या आतून हे फार वेळा पाहिलं आहे. हप्ता दर महिन्याला येतो आणि कापसाचा पैसा वर्षातून एकदा. भाडं कमी पडलं तर तो कुठून येणार, हे आधी ठरवा. बांधकामासाठी गृहकर्जच मागा. मंजूर नकाशा आणि एन.ए.चा आदेश लागेल.

दुसरं म्हणजे करार. तोंडी ठरवू नका. ११ महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. कागद नसला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरतात, तुम्ही ते खोटं ठरवेपर्यंत. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं, अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून ती रक्कमही त्यात मिळवतात. हा खर्च वाचवू नका. कराराबरोबर पोलीस ठाण्यातही भाडेकरूची माहिती द्या.

कपाशीवाला, देवळी
काकू, दादा, मनापासून आभार. रात्री आईसोबत बसून हिशेब पुन्हा मांडला. पीककर्ज तसंच ठेवतो. आधी खालच्या तीनच खोल्या, तेही यंदाचा कापूस विकून सहा हप्ते बाजूला पडल्यावर. काकू, टाकी किती लिटरची ठेवली तुम्ही?

खोलीवाली काकू, सावंगी
तीन खोल्यांना २,००० लिटर. उन्हात ठेवू नका, वर पत्र्याची सावली करा. येऊन पाहून घ्या एकदा, चहा घेऊन जा.