पिशवीत काय भरलंय?
एक्सोसोम म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या अतिसूक्ष्म पिशव्या; उपचार म्हणून त्या कुपीतून दिल्या जातात. ‘एक्सोसोम जिवंत पेशी नाहीत, म्हणून निर्धोक’ असं त्यांच्याबद्दल म्हटलं जातं, पण हा मुद्दा मला अर्धाच पटला. ते विभाजित होत नाहीत, त्यामुळे स्वतः गाठ बनवू शकत नाहीत, हे खरं. पण ३० ते १५० नॅनोमीटरच्या या पिशवीत काय भरायचं ते ती सोडणारी पेशी ठरवते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मूळपेशींचे (स्टेम सेल्सचे) एक्सोसोम जखमेतला दाह आवरतात, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. कर्करोगाच्या पेशीही हीच युक्ती वापरून गाठीकडे रक्तपुरवठा ओढून घेतात!

त्यामुळे कुपीवर नुसतं ‘एक्सोसोम’ लिहिलेलं असेल तर काहीच कळत नाही. कोणत्या पेशींचे, शुद्धीकरण कसं केलं, हे विचारायलाच हवं. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात एक्सोसोम घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर तिथल्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१९ मध्ये अशा मान्यता नसलेल्या उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला होता.