मदत हवी आहे: अनुभवी पर्यवेक्षकांना खेळातून प्रशिक्षण

रत्नागिरीजवळच्या आमच्या मासळी प्रक्रिया कारखान्यात पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात पर्यवेक्षकांचे प्रशिक्षण होते. गोठवलेली मासळी उणे 18 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राखणे, तापमान चढल्यास माल बाजूला काढून नोंद करणे, हे शिकवण्यासाठी यंदा मोबाईलवरील खेळ वापरला. नवी मुले गुणांच्या मागे लागून घाईघाईने उत्तरे दाबतात, तर जुनी मंडळी ‘हा पोरखेळ कशाला’ म्हणत फोन उपडा ठेवतात (त्यांचे अगदीच चुकते असेही नाही). गुणफलक काढून टाकला, जुन्या-नव्यांच्या जोड्या लावल्या. फरक पडला नाही. खेळ मराठीतच आहे, इंटरनेटशिवाय चालतो. सक्ती मात्र करायची नाही. अनुभवी कर्मचाऱ्यांना त्यात कमीपणा वाटू नये म्हणून आपण कोणता बदल केलात, आणि शिकलेले प्रत्यक्ष शीतगृहात उतरते का, हे कसे तपासलेत?