केवळ मोबाइलच्या भरवशावर पूरसूचना नको

दुर्गम भागातील पूरमापन केंद्रांत मोबाइलचे सिम बसवले की वेगळ्या रेडिओ यंत्रणेची गरज उरत नाही, हे मत मला पटत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईसारख्या शहरातही मोबाइल सेवा कोलमडली होती. मग घाटमाथ्यावरच्या एकुलत्या एका टॉवरवर, तोही वीज गेलेली असताना, किती विसंबायचे?

पाण्याची पातळी आणि पाऊस हे दोन आकडे पाठवायला अगदी थोडा डेटा लागतो, त्यामुळे व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) रेडिओ संच लहानशा बॅटरीवर चालतो. मात्र या लहरी डोंगर ओलांडत नसल्याने शिखरावर रिपीटर, म्हणजे संदेश पकडून पुढे पाठवणारा संच, उभारावा लागतो आणि आषाढात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही हे धरूनच सौर पॅनेलसोबतची बॅटरी निवडावी लागते. रिपीटर शक्य नसेल तिथे उपग्रह आहेच, पण ठरावीक वेळीच संदेश पाठवणारे केंद्र तासाभरात फुगणाऱ्या ओढ्याला पुरे पडत नाही.

खरी गोची मात्र बहुधा मापकातच असते. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात एखादे पान अडकले की भरली की कलंडून पाऊस मोजणारी खालची झुलती वाटी हलतच नाही, आणि धो धो पावसात रेडिओ इमानेइतबारे शून्य कळवत राहतो.