निवृत्त तुरुंगाधिकाऱ्यावर स्मरणपुस्तिका काढायची आहे : माहिती कुठून जमवावी?

अनेरकाठ
चोपडा तालुक्यातल्या एका गावचे आप्पा वारले, वय 75. येत्या रविवारी गंधमुक्ती (उत्तरकार्य). त्या दिवशी वाटायला 8 पानांची पुस्तिका हवी, असे घरच्यांचे म्हणणे. लिहायचे काम माझ्याकडे आले आहे. आप्पा आधी जिनिंगमध्ये हंगामी काट्यावर, मग 15 वर्षे फौजेत, त्यानंतर कारागृह खात्यात शिपाई. 'जेलर म्हणून रिटायर झाले' असे सगळे सांगतात. नंतर केळी. फौज आणि जेलबद्दल घरात कोणालाच धड माहीत नाही. आतापर्यंतचा मजकूर म्हणजे 'करारी, शिस्तप्रिय, मनमिळाऊ'. कागद कोणते पाहू? जेलच्या कामाबद्दल काय लिहू?

तापीथडी
भाऊ, रविवारपर्यंत 8 पाने नका काढू. गंधमुक्तीला फोटो आणि दीडशे शब्दांचे एक पान पुरे. पुस्तिका वर्षश्राद्धाला. घाईत छापलेली चुकीची तारीख पुढे नातवंडांच्या तोंडी खरी होऊन बसते.

आधी आप्पांची पेटी उघडा. त्यात तीन कागद शोधा.

पहिले फौजेचे डिस्चार्ज बुक. भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख, नंबर, ट्रेड, पदके, सगळे त्यात असते. ते हरवले असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, किंवा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर टाकून पत्र लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्री असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर सागर. नंबर सापडत नसेल तर पदकाची कडा भिंगाखाली धरा, तिथे नंबर आणि नाव कोरलेले असते. पदकांच्या बाबतीत लोक हमखास चुकतात. 1971 चे संग्राम पदक, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार ही त्या काळातल्या सेवेची पदके आहेत, शौर्याची नव्हेत. 'शौर्यपदक विजेते' छापून मोकळे होऊ नका.

दुसरे दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे सेवापुस्तकाची कर्मचाऱ्याकडची प्रत. बदल्या, बढत्या, वेतनवाढी, बक्षिसे, शिक्षा तारखेनिशी असतात. घरात नसेल तर शेवटच्या कार्यालयाच्या प्रमुखाकडे अर्ज करा. अर्ज वारसाच्या नावाने, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा. तुमच्या नावाने माहिती अधिकारात मागितलेत तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारू शकतात.

तिसरा पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश (पेन्शन पेमेंट ऑर्डर). निवृत्तीची तारीख आणि शेवटचे पद त्यावर असते. घरी सापडला नाही तर कोषागारात मिळतो.

गेटबुक
पदाचे आधी पक्के करा. खालून क्रम शिपाई, हवालदार, सुभेदार, मग तुरुंगाधिकारी (म्हणजे जेलर) श्रेणी-2 आणि श्रेणी-1, त्यावर उपअधीक्षक, अधीक्षक. गावात सुभेदारालाही 'जेलरसाहेब' म्हणतात. पीपीओवर सुभेदार असेल तर सुभेदारच छापा, त्यात कमीपणा काही नाही. 'पोलीस खात्यातून निवृत्त' हेही नको. वर्दी खाकी असली तरी कारागृह खाते वेगळे.

आता काम. 'कैद्यांवर करडी नजर' असले वाक्य काढून टाका आणि दिवस लिहा. पहाटे बराकी उघडण्याआधी कैद्यांची बराकनिहाय मोजणी. आकडा रात्रीच्या आकड्याशी जुळला तरच पुढचे काम, एकाचाही फरक पडला की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी बराकी बंद करताना तेच. मुख्य गेटला दोन दारे, एक उघडे असताना दुसरे उघडायचे नाही. मधल्या जागेत झडती आणि नोंद. कोर्टातून परतलेल्या बंद्याची (कैद्याची) झडती सर्वांत जिकिरीची. चपलेचा तळ, कॉलरची शिवण, डब्याचे झाकण, काहीच सोडून चालत नाही.

आप्पा कधी न्यायालयीन शाखेत होते का, ते विचारा. असतील तर अर्धे पान तिथेच द्या. बाहेरच्यांना हे काम दिसत नाही. नवा बंदी आला की वॉरंटवरचे नाव, वडिलांचे नाव, कलम, शिक्षा, न्यायाधीशांची सही आणि शिक्का ताडून घ्यायचा. मग सुटकेची तारीख काढायची. खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 428 प्रमाणे वजा होतात. दोन शिक्षा असतील तर एकत्र भोगायच्या की एकामागून एक, हे निकालपत्रात पाहायचे. दंड भरला नसेल तर त्यापोटीची कैद वेगळी धरायची. मिळालेली माफी (शिक्षेतली सूट) शेवटी वजा. यातला एक आकडा चुकला तर माणूस जास्त दिवस आत राहतो किंवा आधीच बाहेर पडतो, आणि जाब नोंद करणाऱ्याला द्यावा लागतो. फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. दोन्ही एकच समजून लिहू नका, जुने सहकारी लगेच हसतील.

कोणत्याही बंद्याचे नाव मात्र छापू नका, तो कितीही गाजलेला असो. शिक्षा भोगून तो आज शेजारच्याच गावात राहत असेल.

शाईदौत
छपाईचे. पाने 4 च्या पटीतच घ्या, नाहीतर शेवटचे पान कोरे जाते. ए-4 आडवा दुमडून 8 पानांना दोन कागद पुरतात, मधे दोन पिना. मजकूर 1,200 ते 1,400 शब्द, त्याहून जास्त झाला तर टाइप बारीक करावा लागतो आणि म्हातारी माणसे वाचत नाहीत. जुना फोटो काचेतून मोबाइलवर काढू नका, चमक येते. फ्रेममधून काढून 600 डीपीआयला स्कॅन करा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करणार, प्रेसवाल्याकडे अजून श्रीलिपी (जुनी, युनिकोड नसलेली फॉन्टपद्धत) असेल तर रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे फुटतात. 'सर्व', 'कार्य', 'निवृत्त' हे शब्द प्रूफमध्ये एकेक करून पाहा. प्रूफ कागदावर मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.

अनेरकाठ
पेटीत पीपीओ सापडला. सुभेदार! रविवारी एकच पान काढतो. एक राहिले : ते चार वर्षे धुळे जेलला होते. 1932 मध्ये विनोबांनी तिथेच गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. हे घ्यावे का?

गेटबुक
घ्या, पण एका ओळीत आणि धुळ्याच्या बदलीच्या तारखांशेजारीच. सुरुवातीला घातलेत तर पुस्तिका विनोबांची होते. केळीचे विसरू नका. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) की कांदेबाग (पावसाळा सरतानाची), किती खोडे, पाणी कुठून, हे त्यांच्या सालदाराला विचारा. घरच्यांपेक्षा त्याला जास्त माहीत असेल.